तंबोरा लावणे आणि डॉल्बी लावणे

काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक निकाल चुकला. शिक्षकाच्या आयुष्यात चुकलेले निकाल पुष्कळ असतात आणि बहुतेक विसरलेही जातात. हा मात्र विसरता आला नाही; म्हणून या दिवाळी अंकाच्या निमित्ताने त्याची फेरतपासणी करावी म्हणतो.

आमच्या भागातील एका आंतरशालेय स्पर्धेत वाद्यवादनाचा परीक्षक म्हणून मला बोलावले होते. एम.ए. मी मराठी घेऊन झालो. संगीतातली पदवी माझ्याकडे नाही. पण वडिलांच्या भजनी मंडळात पेटीवर बोटे फिरवत वाढलो, एवढ्या भांडवलावर अशी आमंत्रणे येतात. त्या दिवशी दहावीतला एक मुलगा ऑक्टोपॅड घेऊन आला. वडगावातल्याच एका विणकराचा मुलगा. सणासुदीला बँजो पार्टीत वाजवून घराला हातभार लावणारा. नियमपत्रिकेत 'फक्त वाद्ये' असे शब्द होते. मी शेजारच्या परीक्षकांकडे पाहिले, त्यांनी मान हलवली आणि मी त्या मुलाला सांगितले, "बाळ, हे वाद्य नव्हे, हे यंत्र आहे. स्पर्धेत चालणार नाही."

तो रडला नाही की रागावला नाही. वायरी गुंडाळता गुंडाळता एवढेच म्हणाला, "सर, पेटी बी साहेबाचीच की. ती चालते, मग हे का चालत न्हाई?"

त्याच्यानंतर एका मुलीने पेटीवर भूप वाजवला आणि पहिला क्रमांक मिळवला. तिच्या पेटीसमोर माइक होता, माइकला 'इको' लावलेला होता आणि तो भूप मांडवभर घुमत होता. यंत्राला बाहेर घालवणाऱ्या आम्हा परीक्षकांपैकी कोणालाही ते खटकले नाही.

मुलाने विचारलेल्या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. कारण माझ्याजवळ ते नव्हते. वाद्य कशाला म्हणावे आणि नुसते यंत्र कशाला म्हणावे? लाकूड, कातडे, तार म्हणजे वाद्य आणि वीज, वायर, बटण म्हणजे यंत्र, ही वाटणी दिसायला सोपी आहे. ती कितपत टिकते ते पाहू.

पेटीवरचा खटला

सुरुवात पेटीपासूनच करणे भाग आहे. कारण मुलाने साक्षीला तिलाच बोलावले होते. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायचे. आपल्याकडे आल्यावर, मुख्यतः कलकत्त्याच्या कारागिरांच्या हातून, ते मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी बदलले. पायाचा भाता हाताकडे आला आणि परदेशी हार्मोनियमची देशी पेटी झाली. आमच्या सीमाभागात मराठी माणूस तिला पेटी म्हणतो आणि कानडी माणूसही पेटीच म्हणतो. दोन भाषांनी एकाच शब्दात घरात घेतलेल्या वस्तू थोड्याच असतात.

संगीत नाटकाने तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे पायपेटीला, प्रतिष्ठा दिली. 'संगीत सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी रुजवलेली ही परंपरा बालगंधर्वांपर्यंत पोचली, तेव्हा ऑर्गनच्या सुरावाचून नाटकाचा पडदा उघडणेच लोकांना अपुरे वाटू लागले होते. गोविंदराव टेंबे यांच्या बोटांनी पेटी साथीच्या पाटावरून उठवून मैफलीच्या मध्यभागी बसवली. 'मानापमाना'च्या, म्हणजे १९११ सालच्या, चालीही त्यांच्याच.

एवढे सगळे झाल्यावर १९४० च्या मार्चमध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी त्याआधी, १९३८ साली, पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथ ठाकुरांनीही १९४० च्या जानेवारीत कलकत्ता केंद्राला पत्र लिहून ती केंद्रातून हलवावी असे सुचवले होते. परक्यांचे वाद्य म्हणून पेटीला बाहेर काढण्याच्या या खटल्यात एक प्रमुख फिर्यादी खुद्द इंग्रज असावा, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वातंत्र्यानंतरही ही बंदी उठली नाही. १९५० साली धारवाड केंद्र सुरू झाले, १९६३ साली सांगली. आमच्या घरी ही दोन्ही केंद्रे लागत. सकाळी एक, संध्याकाळी दुसरे. वडील सांगत, की कित्येक वर्षे त्यांच्या कानावर रेडिओवरची साथ आली ती सारंगीची, नाहीतर व्हायोलिनची. घरातली पेटी मात्र कोपऱ्यातून हललेली नव्हती; रेडिओ बंद झाला, की ती सुरू होई. १९७१ मध्ये बंदी अंशतः, मुख्यतः साथीपुरती, उठली.

फिर्यादीचा मुद्दा खोटा होता असे मात्र समजू नये. पेटीच्या एका सप्तकात बारा पट्ट्या. त्या समान अंतरावर लावलेल्या. आपल्या गाण्यातले स्वर असे मोजून-मापून बसत नाहीत. उदाहरण एकच देतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ चौदा भाग चढा असतो. तंबोरा नीट लागलेला असला आणि पेटीवाला गंधारावर रेंगाळला, तर हे घर्षण सामान्य कानालाही कळते. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीला येत नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मधे काही नाहीच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली, ती याच दुखण्यावर इलाज म्हणून. हा इलाज घरोघर पोचला नाही. साधी पेटीच पोचली.

आक्षेप खरा होता आणि तरीही निकाल चुकीचा होता, असे मी म्हणतो. त्याचा पुरावा आपल्या गावातच होता. १९१७ साली कागवाडला जन्मलेले आणि २०१० साली बेळगावात निवर्तलेले पंडित रामभाऊ विजापुरे यांची पेटी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते सांगावे लागणार नाही. पेटीला मींड येत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. पण चांगला पेटीवाला पट्टी दाबताना भात्याचा दाब कमी-जास्त करतो, एक बोट उचलण्याआधी दुसरे हलकेच टेकवतो, चढ्या गंधारावर रेंगाळण्याचे टाळून त्याला नुसता स्पर्श करून पुढे जातो आणि गायकाने घेतलेली मींड आपल्या शांततेने ऐकू देतो. वाद्याची उणीव त्याला माहीत असते आणि त्या उणिवेच्या कडेकडेने तो वाट काढतो. एक वस्तू वाद्य आहे की नाही हे दिल्लीत ठरवले जात होते. तेवढ्या काळात बेळगावात मुलांच्या पिढ्या ती वस्तू शिकून मोकळ्या झाल्या.

आपल्याच घरातले 'इफेक्ट'

आता दुसरा मुद्दा. "ऑक्टोपॅड, इको, की-बोर्ड यांतला आवाज बनावट असतो, अस्सल नव्हे", असे आपण म्हणतो. अस्सल म्हणजे तंबोरा. तर मग तंबोराच उघडून पाहू.

मिरज आपल्याच रेल्वेमार्गावरचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे तंतुवाद्ये बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून ही कारागिरी उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे तंबोरा विकत घ्यायला गेलात, तर कारागीर सर्वांत जास्त वेळ घालवतो तो जवारी काढण्यात. घोडीचा माथा तो इतक्या बेताने घासतो, की छेडलेली तार त्या माथ्याला हलकेच चाटून झंकारत राहावी. तेवढ्यानेही भागत नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात आणि तो केसभर पुढे-मागे केला, की मुका तंबोरा एकदम बोलू लागतो. तारेचा मूळ आवाज वेगळाच असतो. आपण ज्याला तंबोऱ्याचा दैवी झंकार म्हणतो, तो त्या तारेवर जाणूनबुजून घडवून आणलेला परिणाम असतो. आमच्या वडगावच्या मागावरचा सुताचा तुकडा हा जगातल्या साध्यात साध्या आणि उत्तमात उत्तम 'इफेक्टां'पैकी एक आहे, असे म्हणायला हरकत नाही.

सतारीच्या आणि सारंगीच्या तरफा घ्या. त्या तारा बहुधा कोणी वाजवत नाही. वरच्या तारेला उत्तर म्हणून त्या आपणहून घुमतात. तबल्याची शाई घ्या. कातड्यावर लोहकिसाचा लेप चढवल्याखेरीज त्याला स्वर धरता येत नाही. आणि आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेची सहल जिथे एकदा तरी जातेच, तो विजापूरचा गोलघुमट घ्या. १६५६ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या घुमटाखालच्या सज्जात मुलांना नेले, की पहिली पाच मिनिटे नुसता गोंधळ असतो. कोणी शीळ घालतो, कोणी मास्तरांचे टोपणनाव ओरडतो आणि घुमट ते पुन्हा पुन्हा ऐकवून मास्तरांची शोभा करतो. पण दर सहलीत एखादे पोर असे निघते, की जे एकच सूर सोडते, थांबते, तो परत येईपर्यंत ऐकते आणि मग त्याला जुळेल असा दुसरा सूर सोडते. बाकीची मुले घुमटात ओरडत असतात. ते एकटे घुमट वाजवत असते.

हे दृश्य मी कैक वर्षे पाहत आलो होतो. त्याचा अर्थ मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता.

एका क्रियापदाचे दोन अर्थ

मराठीच्या शिक्षकाला शेवटी मराठीच सोडवते. आपल्या भाषेत 'लावणे' हे क्रियापद फार कष्टाळू आहे. दिवा लावण्यापासून वाट लावण्यापर्यंत सगळी कामे ते करते. आवाजाच्या प्रांतात त्याचे दोन अर्थ आहेत. आपण तंबोरा लावतो, तबला लावतो, सूर लावतो. आणि आपण रेडिओ लावतो, टेप लावतो, डॉल्बी लावतो. शब्द एक, पण कामे दोन. त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तंबोरा लावायचा म्हणजे आधी ऐकायचे. खुंटी पिळायची, पुन्हा ऐकायचे, मणी सरकवायचा, पुन्हा ऐकायचे. तो लागला नाही असेही होऊ शकते आणि लागला नाही, तर ते चारचौघांत उघडे पडते. इथे कान काम करीत असतो आणि चूक शक्य असते. रेडिओ लावायला बोट पुरते. कानाची गरज नाही. बहिऱ्यालाही रेडिओ लावता येतो. तिथे चूक करायला जागाच नाही. लागला, नाहीतर बिघडला, एवढेच.

सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्याविषयी किती काटेकोर होते, ते रसिकांना माहीत आहे. लागलेल्या तंबोऱ्यात त्यांना पुढचे गाणे दिसत असे. मैफलीआधी तंबोरे जुळवण्यात जाणारा वेळ पाहून काही श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात. खरे तर मैफल तिथेच सुरू झालेली असते.

तेव्हा माझी कसोटी अशी : जे पहिल्या अर्थाने लावावे लागते ते वाद्य, जे फक्त दुसऱ्या अर्थाने लावता येते ते यंत्र. ते लाकडाचे की प्लास्टिकचे, देशी की विलायती, विजेवरचे की हातावरचे, हे प्रश्न दुय्यम. ज्यात माणसाला बेसूर आणि बेताल होण्याची मोकळीक आहे, त्यातच सुरेल होण्याला किंमत आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत : तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. जर्मनीत हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांनी १९१४ साली जगभरच्या वाद्यांची जी वर्गवारी केली, तिचा सांगाडा या चार वर्गांशी मिळताजुळता आहे. विजेची वाद्ये आल्यावर त्या वर्गवारीत पाचव्या वर्गाची भर पडली. ही वर्गवारी आवाज कशातून निघतो ते सांगते. तो कोणाच्या जबाबदारीवर निघतो, हे मात्र त्यातून कळत नाही. आपल्याला हवे आहे ते हे दुसरे.

कसोटी लावून पाहू

विजेवरच्या तंबोऱ्याची गोष्ट घ्या. बंगळूरचे जी. राज नारायण, पेशाने इंजिनिअर आणि स्वतः बासरीवादक, यांनी १९७९ साली तो तयार केला. आज तो मोबाइलच्या पडद्यावरही येऊन बसला आहे. पुष्कळ जाणकार त्याला नाके मुरडतात. मीही मुरडत असे. परंतु दोन खोल्यांच्या घरात, शेजारी यंत्रमाग चालू असताना, ज्या मुलीला रियाज करायचा आहे, तिला मिरजेचा तंबोरा परवडत नाही आणि तो ठेवायला जागाही नाही. ती मुलगी त्या डबीचे बटण दाबून थांबली, तर ते यंत्र. पण तिने आपल्या गळ्याची पट्टी शोधली, पंचम किंवा मध्यम निवडला, बारीक खुंटी फिरवून आपल्या कानाला पटेल तिथे आणला, तर तिने तंबोरा लावला असे मी म्हणेन. फरक डबीत नाही, तिच्या बसण्यात आहे. ते नाद मिरजेच्या जवारीइतके जिवंत नसतात, हे कबूल. कमअस्सल वाद्य आणि वाद्यच नव्हे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ज्याला आमच्याकडे कोणत्याही कंपनीचा असला तरी 'कॅसिओ' म्हणतात, त्या की-बोर्डमध्ये तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी राहतात. त्याच्या पट्ट्यांवर पोर स्वतः बोटे चालवते तोवर ते वाद्य. डाव्या हाताने एक पट्टी दाबून ठेवली, की ताल, गिटार आणि व्हायोलिनांचा ताफा आपोआप सुरू होतो, तेव्हा त्याचा रेडिओ झाला. स्नेहसंमेलनात पालक टाळ्या देतात ते बहुधा या दुसऱ्या गोष्टीला. दोष पालकांचा नाही. आम्ही त्यांना ऐकायला शिकवले नाही.

विजेचे नाव काढताच सोपेपणा आठवणाऱ्यांसाठी आणखी एक दाखला. रशियाच्या लेव थेरेमिन या संशोधकाने १९२० च्या सुमारास एक वाद्य तयार केले. ते संपूर्ण विजेवर चालते आणि वाजवताना त्याला हात लावायचाच नसतो. दोन धातूच्या दांड्यांजवळ हवेत हात हलवायचे. एका हाताने स्वर, दुसऱ्याने लहान-मोठा आवाज. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, बोट ठेवायला जागा नाही. बेसूर होणे इतके सोपे असलेले वाद्य शोधून सापडणार नाही. म्हणून माझ्या कसोटीवर ते अव्वल ठरते.

उलट टोकाला 'ऑटो-ट्यून'. तेलाच्या शोधासाठी भूगर्भातल्या लहरींचे गणित मांडणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड या शास्त्रज्ञाने १९९७ साली ते बाजारात आणले. गायकाचा घसरलेला सूर ते उचलून जागेवर बसवते. चूक पुसणे हेच त्याचे काम. तेव्हा ते वाद्य होऊ शकत नाही. पण १९९८ साली शेर या अमेरिकन गायिकेच्या एका गाण्यात ते मुद्दाम टोकाला नेऊन गळ्याचा पायऱ्या-पायऱ्यांचा विचित्र आवाज काढला गेला आणि तो कोणीही लपवला नाही. तिथे ते वाजवले गेले. आवडावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

माइक आणि इको यांचे असेच. माइक नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर आवाज मोकळा आणि टोकदार लावावा लागे; तेच नाट्यगायनाचे वळण झाले. माइकने कुजबुजीलाही जागा दिली आणि मराठी भावगीत त्या जागेत वाढले. माइकपासून केव्हा दूर सरायचे, केव्हा जवळ यायचे, हे ज्या गायकाला कळते तो माइक वाजवतो. आमच्या भजनी मंडळात मात्र "जरा इको वाढवा" अशी हाक येते ती बहुधा टाळ मागे-पुढे पडू लागले की. गोलघुमटातल्या त्या एका पोरासारखे थांबून ऐकणारा असेल तर इकोही वाद्य, नाहीतर गिलावा.

आता डॉल्बी. मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीला आपण हे नाव दिले आहे. ते नाव ज्यांचे, त्या रे डॉल्बी यांनी १९६५ साली आपली प्रयोगशाळा काढली आणि त्यांचे पहिले नाव झाले ते ध्वनिफितीतली नको असलेली खरखर कमी करण्यासाठी! गोंगाट घालवणाऱ्या माणसाचे नाव आपण गोंगाटाला दिले. आपल्या देशात २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती कशी पाळली जाते ते वाचक जाणतात. पण मोठा आवाज हा त्याचा एकच गुन्हा झाला. माझ्या दृष्टीने अधिक मोठी गोष्ट ही, की त्या भिंतीमागे कोणी ऐकत नसतो. आधीच जोडून ठेवलेली गाणी एकामागून एक सुटतात. ढोलकीवाला थकतो, चुकतो, रंगात येतो. भिंत यातले काहीच करीत नाही. डॉल्बी फक्त दुसऱ्याच अर्थाने लावता येतो.

पोटाचा प्रश्न

इथवर आल्यावर हा लेख संपवता आला असता. पण एक हरकत अशी आहे, की ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आणि ती मला त्या मुलाच्याच संगतीत सुचली.

स्पर्धेनंतर काही महिन्यांनी गणपतीच्या मिरवणुकीत तो मला दिसला. गाडीवर बँजो, खाली ऑक्टोपॅडवर हा. बँजो म्हणजे आपल्याकडचा, पट्ट्या दाबून तारा छेडायचा. त्याचे मूळ जपानच्या ताइशोगोतोत, १९१२ सालच्या. तेव्हा तोही परदेशी पाहुणाच, पण आता त्याच्यावाचून आमची वरात निघत नाही. मी बाजूला उभा राहून प्रथमच त्या मुलाचे वाजवणे ऐकले. आठ रबरी चौकोन आणि दोन काठ्या. काठी हलकी पडली तर आवाज हलका, जोरात पडली तर जोराचा. एकदा बँजोवाल्याची लय सुटली. याने दोन मात्रा मोकळ्या सोडून त्याला परत सावरून घेतले. कोणत्याही यंत्राने हे केले नसते. ते ऐकून मी घेतले आणि माझा निकाल तिथेच रद्द झाला.

पण त्याच वेळी माझे लक्ष त्याच्या डाव्या हाताच्या चौकोनाकडे गेले. त्यातून हलगीचा आवाज निघत होता, अगदी हुबेहूब. हलगी शेकवावी लागते. मिरवणुकीच्या कडेला पाचोळा पेटवून तिचे कातडे तापवून ताठ करणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेही लावणेच. त्या मिरवणुकीत अशी हलगी एकही नव्हती. रबराचा एक चौकोन एका माणसाची जागा घेऊन बसला होता.

वडगावच्या माणसाला हे नवे नाही. आमच्या गल्ल्यांत हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, तेव्हा असेच झाले. यंत्रमागावर काम करणारा विणकर कमी कसबी असतो असे मी कधी म्हणणार नाही. तुटलेला धागा आवाजावरून ओळखणारी माणसे मी पाहिली आहेत. पण एका माणसाने दोन माग सांभाळले, की दुसऱ्याचे काय होते, हेही पाहिले आहे. ऑक्टोपॅड हे वाद्य आहे, हा संगीतातला निकाल झाला. त्यामुळे हलगीवाल्याचे पोट भरत नाही. वाद्य म्हणून मान दिला, की त्याने हिरावलेल्या भाकरीचा हिशेब मिटला, असे समजू नये. पेटीने सारंगीवाल्यांना मागे सारले, तेव्हा तो हिशेब आपण मांडला नव्हता. निदान आता मांडावा, आणि मिरवणुकीच्या वर्गणीतून हलगीवाल्यांचा एक ताफा बोलवावा. हे काम सौंदर्यशास्त्राचे नाही, मंडळांच्या कार्यकर्त्यांचे आहे.

फेरनिकाल

मी त्या मुलाला नंतर गाठले. चूक झाली असे त्याला सांगितले. मुख्याध्यापकाने विद्यार्थ्याला असे सांगणे आमच्याकडे अजून अवघड जाते. माझेही शब्द अडखळलेच. तो म्हणाला, "असू दे की सर." पण दहावीनंतर त्याने शाळेचा उंबरठा सोडला होता आणि माझा फेरनिकाल त्याच्या कोणत्याही प्रमाणपत्रावर चढणार नव्हता. स्पर्धेत उभे राहण्याची त्याची एकच संधी होती आणि ती मी घालवली होती.

माझ्या हातात होते तेवढे केले. आमच्या शाळेपुरत्या वाद्यवादन स्पर्धेच्या नियमपत्रिकेतली 'फक्त वाद्ये' ही ओळ काढली आणि तिच्या जागी दोन वाक्ये घातली : 'वाद्य कोणतेही चालेल. स्पर्धकाने ते परीक्षकांसमोर स्वतः लावून घ्यावे आणि आपोआप वाजणारी सर्व बटणे बंद ठेवावीत.' पहिल्या वर्षी एक मुलगी मोबाइलवरचा तंबोरा घेऊन आली. परीक्षकांच्या टेबलासमोर उभी राहून ती तो पडद्यावरचा काटा बोटाने सरकवत होती. थोडा वर, थोडा खाली, डोळे मिटून पुन्हा थोडा वर. मागे बसलेले एक पालक घड्याळाकडे पाहू लागले.

मी हात वर करून त्यांना थांबण्याची खूण केली.